हल्ला : शून्य

आधी अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला.
एक प्रत पेनड्राइव्हवर,
एक अक्काच्या लॅपटॉपवर, तिला न विचारता.
हरिपुरात हळद अशीच ठेवायचे,
जमिनीच्या पोटात, पेवात, तोंड लिंपून.
पण पुराचं पाणी पेवातही शिरलं
आणि तेव्हापासून आण्णा
कुठलीच गोष्ट एका जागी ठेवत नाहीत.

खेळात चारशे युनिटं.
भालाईत, घोडेस्वार, तोफा, तीन जातीचे हत्ती.
नदी आहे, निळीशार, कधीच गढूळ न होणारी,
आणि तिच्यात फक्त लढाऊ गलबतं.
मला हवा होता एक नावाडी.
यल्लाप्पा अंबींसारखा : बनियन, कमरेला टॉवेल,
कोथळीचा काठ बघताना एक डोळा मिटलेला.
पूल झाल्यापासून त्यांची नाव
घाटावर पालथी आहे.

पहिली चूक : जुन्या तिरंदाजाच्या फाइलीतच लिहीत बसलो.
तिरंदाज गेला,
आणि दिवाळीपासून जपलेली लढाई
उघडेचना.
पेनड्राइव्ह शोधला. पेव फोडलं. तिरंदाज परत आला.

मग नवी फाइल, नवा क्रमांक.
तीनशे बारा मोकळा वाटला,
तो निघाला बैलगाडीचा.
नदीतून बैलगाड्या चालू लागल्या,
सन्मती हसून हसून गादीवरनं खाली पडला.
आता चारशे एक. तो कुणाचाच नव्हता.

नाव मराठीत लिहिलं
तर पडद्यावर चार चौकोन, रिकामे.
म्हणून आत रोमन नाव, बाहेर मराठी,
शाळेतलं एक आणि घरातलं एक,
तसं.

वेग : सहा.
माणसं : आठ.
(पुरात यल्लाप्पाकाका वीस घ्यायचे,
शिवाय एक शेरडू. ते नियमात बसत नाही.)
नजर : अकरा.
हल्ला : शून्य.
शून्य लिहिताना बरं वाटलं.

पेवात उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडत.
विझला, की माणूस उतरत नसे.
मी रिकामा नकाशा घेतला :
एक नदी, दोन काठ, एक नाव, शत्रू कुणी नाही.
नाव गेली, आली. गेली, आली.
ज्योत स्थिर.
मग पलीकडे शत्रूचं एक गाव ठेवलं
आणि तिसऱ्या मिनिटाला सगळंच काळं.

रात्री दीडपर्यंत नोंदवही वाचली यंत्राची.
संगणक प्रत्येक युनिटची किंमत
त्याच्या हल्ल्यानं भागून बघतो,
परवडतं का ते.
माझ्या नावाड्यापाशी आला, शून्यानं भागायला गेला,
आणि बसला.

सकाळी आण्णांना सांगितलं, जमेल तसं.
ते दाढी करत होते.
आरशातच म्हणाले,
'यल्लाप्पानं एकदा वल्ह्यानं सुसर हाकलली होती.
एक धर की.'

हल्ला : एक.
चालतं आता.
भागून बघितलं की इतका महाग निघतो
की शत्रू त्याला कधी बांधत नाही,
त्याच्यावर नेमही धरत नाही.
हत्ती तुडवत जातात, तोफा बोलतात,
आणि मधून आठ माणसं घेऊन
तो आपला पलीकडे चाललेला असतो.

यल्लाप्पाकाकांना घाटावर दाखवलं,
उन्हात पडदा नीट दिसत नव्हता.
बराच वेळ बघत राहिले, एक डोळा मिटून.
'वल्हं उलट्या हातात दिलंयस.'
ते बदलता येईल, म्हटलं. आधी प्रत काढतो.
'आन् संगमापाशी भवरा कुठाय?'

भोवरा युनिट नसतो काका, मी म्हणालो,
भोवरा नकाशात लागतो,
नकाशाला हात लावला तर काय काय मोडेल
सांगता येत नाही.

'मग कंदील सोड,' म्हणाले,
आणि पालथ्या नावेवर बसायला जागा करून दिली.